माझा हातोडा आणि साडूचं मशीन

माझ्या साडूकडे एक मशीन आहे.

आता साडूकडे मशीन असावं यात वाईट काही नाही. माणसाकडे काहीही असू शकतं. पण हे वाक्य आमच्या घरात दिवसातून निदान एकदा तरी ऐकू येतं आणि ते म्हणणारी माझी स्वतःची बायको असते, हे मला खटकतं. मिक्सर बिघडला की ती म्हणते, "भावोजींचं मशीन बघा, कधी कुरकुरत नाही." मी कुरकुरलो तरी तेच म्हणते.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण नात्याने मोठा. त्यामुळे तोंडावर मला त्याला अहो-जाहो करावं लागतं. मनात मी त्याला अरे-तुरे करतो, आणि इथे मी मनातलंच सांगत असल्यामुळे तसंच करणार आहे.

आम्ही दोघेही एकाच धंद्यातले. रस्त्यावर खडी आणि डांबराचं जे गरम मिश्रण पसरतात, त्याला आमच्यात नुसतं 'माल' म्हणतात. हा माल रस्त्यावर टिकेल, की उन्हाळ्यात मऊ पडून त्यात गाड्यांच्या चाकोऱ्या उमटतील, हे आधी प्रयोगशाळेत बघायचं, हे आमचं काम. त्यासाठी थोडा माल लोखंडी साच्यात घालायचा, दाबून त्याचा घट्ट ठोकळा करायचा आणि मग त्या ठोकळ्याचे जमतील तितके हाल करायचे. साडू हे हाल खासगी प्रयोगशाळेत करतो, मी सरकारी.

फरक एवढाच, की ठोकळा करायला त्याच्याकडे मशीन आहे आणि माझ्याकडे हातोडा.

हातोडा म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर खिळे ठोकायचा हातोडा येतो. माझ्या बायकोच्याही येतो. तसं नाही. एक उभी दांडी असते, तिच्यावर एक जड वजन असतं. ते वर न्यायचं आणि सोडायचं. दण्! पुन्हा वर न्यायचं, पुन्हा सोडायचं. एका बाजूला पंच्याहत्तर ठोके, मग साचा उलटा करून दुसऱ्या बाजूला पंच्याहत्तर. हे काम करायला आमच्याकडेही एक मोटर होती. ती दुरुस्तीला गेली, आणि तिची दुरुस्ती मंजूर करणारे साहेब तिच्याआधी निवृत्त झाले. तेव्हापासून मीच ती मोटर आहे. जगातले कितीतरी रस्ते अशाच ठोक्यांवर उभे आहेत, पण हे सांगायला गेलं की बायको टीव्हीचा आवाज वाढवते.

साडूचं मशीन ठोकत नाही. ते साचा जरा तिरका धरतं, वरून दाब देतं आणि गोल गोल घुसळत राहतं. रोलर रस्त्यावर माल जसा मळतो तसंच, म्हणे. वर एक पडदा असतो. माल दबताना किती विरोध करतोय त्याची रेघ त्या पडद्यावर उमटत जाते. हे सगळं मला आधीच ठाऊक होतं. मी त्यावरचे लेख जळत जळत वाचलेले आहेत. पण साडूने त्याच्या घरी जेवायला बोलावून, जेवणानंतर सगळ्यांना त्याचा व्हिडिओ दाखवला. दोनदा. दुसऱ्यांदा दाखवा असं माझी बायको म्हणाली.

"यात गंमत अशी आहे," साडू हात पुसत म्हणाला, "जो माल मशीनमध्ये पटकन बसतो ना, तो पुढे गाड्यांखालीही बसतच राहतो. त्याच्यात चाकोऱ्या पडतात. जो हटून बसतो, लवकर ऐकत नाही, तो टिकतो."

"म्हणजे हट्टी असलेला बरा?" बायकोने विचारलं.

"थोडा हट्टी."

"मग रस्त्यासाठी आमच्याकडून घेऊन जा," ती माझ्याकडे बघत म्हणाली, आणि सगळे हसले. मीही हसलो. पण पोटात जे दुखायला लागलं ते जेवण जास्त झाल्यामुळे नव्हतं.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिने माझा हातोडा बघितलेला नाही. कधी बघायचाय असंही म्हणाली नाही.

तर अशा मनःस्थितीत मी असताना आमच्या इमारतीच्या आवाराचं काम निघालं. फाटकापासून मागच्या पार्किंगपर्यंतचा आमचा डांबरी रस्ता म्हणजे एक दुःखद प्रकरण होतं. कचऱ्याची गाडी रोज एकाच ओळीतून आत यायची आणि एकाच जागी उभी राहायची. त्यामुळे दोन खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. त्यांत पाणी साचायचं. सेक्रेटरींची स्कूटर त्यात एकदा घसरली आणि लगेच सभा बोलावली गेली. त्याआधी पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी इमारत नुसतं 'बाई' म्हणते, तिथे दोनदा घसरल्या होत्या. तेव्हा सभा झाली नव्हती, हे त्यांनी सभेत पहिल्यांदा नोंदवून घेतलं.

सभेत सल्ल्यांचा पूर आला. बाई म्हणाल्या, फरशी घाला. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, कचऱ्याची गाडीच बंद करा. ते कचरा कुठे टाकणार होते ते त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "खड्डा भरताना आधी कोरडा करायचा असतो. ओल राहिली की आतून किडतं." हा सल्ला खरं तर बरोबर होता आणि त्यामुळेच मला त्यांचा राग आला.

शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "आपल्याकडे रस्त्यातला माणूस घरातच आहे की." आणि सगळे माझ्याकडे वळले.

मी खुर्चीत जरा सरळ बसलो. असा क्षण आयुष्यात क्वचित येतो. गळा साफ करून मी बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात सेक्रेटरींनी वाक्य पूर्ण केलं, "म्हणजे तुमच्या साडूंकडे ते मशीन आहे ना? तुमच्या मिसेस सांगत होत्या."

मी बायकोकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

"मशीनची गरज नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच जरा मोठा वाटला. "मालाची तपासणी मी स्वतः, आमच्या प्रयोगशाळेत करीन. मी सांगीन तो माल, मी सांगीन तितका दाबायचा. या रस्त्यावर चाकोरी पडली तर मला सांगा."

"कुणाला सांगणार मग?" बाई म्हणाल्या. "तुम्हालाच सांगणार."

झालं. माझा शब्द गेला होता. आता हा रस्ता टिकला तर माझ्या घरात, माझ्या जिन्यात, माझ्या बायकोसमोर या विषयात शेवटचा शब्द माझा. नाही टिकला, तर जन्मभर भावोजींचं मशीन.

पण सरकारी प्रयोगशाळेत बाहेरचा माल तपासायचा म्हणजे अर्ज लागतो. सेक्रेटरींनी अर्ज केला. तो आवक विभागात गेला आणि परत आला, कारण त्यात रस्त्याचा क्रमांक नव्हता. आमच्या रस्त्याला क्रमांक नाही, तो फाटकापासून कचऱ्याच्या डब्यांपर्यंत जातो, असं सेक्रेटरींनी लिहून दिलं. त्यावर दोन्ही टोकांच्या गावांची नावं विचारली गेली. मग अर्ज मुख्य कार्यालयात गेला आणि तिथून 'तज्ज्ञांच्या अभिप्रायासाठी' म्हणून माझ्याच टेबलावर आला. मी अभिप्राय दिला की हरकत नाही. तो वर जाऊन पुन्हा माझ्याकडे आला. अभिप्राय देणाऱ्या तज्ज्ञाचा अर्जदाराशी काही संबंध आहे का, असं विचारलं होतं. मी लिहिलं की मी अर्जदारांच्या वरच्या मजल्यावर राहतो. यावर वरिष्ठांनी विचार केला असावा, कारण मधे बराच काळ गेला आणि बाई तिसऱ्यांदा घसरल्या.

शेवटी 'तात्पुरता वळणरस्ता' या सदराखाली आमच्या आवाराला मंजुरी मिळाली. कंत्राटदाराने मालाचं एक पोतं माझ्याकडे आणून टाकलं. माणूस बोलका होता. "साहेब, तुम्ही आहात म्हटल्यावर मला काळजी नाही," असं तो म्हणाला, आणि मी हुरळलो. एखादा कंत्राटदार काळजी नाही म्हणाला तर आपण काळजी करायची असते, हे मला एरवी कळतं.

एका तपासणीला तीन ठोकळे लागतात. मी माल भट्टीत तापवला, साचा तापवला, बाह्या वर केल्या आणि हातोडा उचलला. आमच्या कामाचा एक साधा नियम आहे: ठोके मोजताना चुकलो, तर तो ठोकळा फेकून द्यायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. मी हा नियम नव्या माणसांना शिकवतो. फार कडकपणे शिकवतो.

पंधरावा ठोका पडला आणि फोन वाजला. बायकोचा होता. मी तो टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावला आणि ठोकत राहिलो.

"अहो, एक सांगायचं होतं. रागावू नका."

दण्.

"सेक्रेटरींनी एक पोतं भावोजींकडेही पाठवलंय."

दण्! दण्!

"फक्त खात्री म्हणून हो!"

आता फक्त खात्री म्हणून या शब्दांचा अर्थ काय होतो? डॉक्टरने औषध दिल्यावर कुणी फक्त खात्री म्हणून शेजारच्या डॉक्टरकडे जातं का? जातं. पण पहिल्या डॉक्टरच्या बायकोने तसं सुचवलेलं नसतं. "हे कुणी सुचवलं?" मी विचारलं.

"मी कशाला सुचवीन?" ती म्हणाली. "मी फक्त पत्ता दिला."

दण्! दण्! दण्!

"आणि भावोजी म्हणाले, हातोड्याचं काही वाईट नाही. पूर्वी सगळे तेच वापरायचे."

पूर्वी! त्यानंतर तिने ताईच्या नव्या पडद्यांबद्दल सांगितलं, भावोजींनी ते स्वतः लावले हेही सांगितलं, आमचे पडदे कधी लागणार ते विचारलं. मी ठोकत होतो. साचा उलटा करत होतो आणि ठोकत होतो. फोन संपला तेव्हा माझा शर्ट घामाने चिंब झाला होता आणि तीनही ठोकळे तयार होते. पंच्याहत्तर झालेच असतील, असं मी स्वतःला सांगितलं. इतक्या वर्षांचा हात आहे. हात आपोआप मोजतो.

ठोकळे सुंदर उतरले होते. हवेत वजन केलं, पाण्यात वजन केलं, त्यावरून आत हवेच्या पोकळ्या किती राहिल्या ते काढलं; जितक्या असाव्यात नेमक्या तितक्याच. मग ठोकळे गरम पाण्यात बुडवून ठेवले, कारण उन्हाळ्यातला रस्ता तितकाच तापतो, आणि नंतर यंत्राच्या जबड्यात दाबून फोडले. काटा इतका वर गेला की मीच चकित झालो. इतका घट्ट, इतका जोरकस ठोकळा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. माल उत्तम, असा अहवाल लिहून मी खाली सही केली. सही एरवीपेक्षा जरा मोठी आली.

संध्याकाळी साडूचा फोन आला.

"साडूभाऊ, तुमचा ठोकळा कसा आला? माझ्याकडे हा माल जरा जास्तच हटून बसतोय. दबायलाच तयार नाही. पोकळ्या फार राहतायत. मला वाटतं, डांबर कमी टाकलंय."

"तुमच्या मशीनला जमत नसेल," मी म्हणालो. "हातोड्यापुढे कुणी हटत नाही."

"तसं असेल," तो म्हणाला. इतक्या शांतपणे म्हणाला, की मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

काम सुरू झालं तो सुट्टीचा दिवस होता आणि सगळी इमारत गॅलरीत उभी होती. सकाळी माल पसरला, त्याच्यावर रोलर फिरला. मी ऑफिसमधून आणलेली घनता मोजायची पेटी घेऊन खाली उभा होतो. नियम सोपा असतो. रस्ता प्रयोगशाळेतल्या ठोकळ्याइतका घट्ट होत नाही, पण निदान त्याच्या जवळपास तरी पोचला पाहिजे. मी पेटी ठेवली, आकडा पाहिला. कमी होता.

"अजून फिरवा," मी म्हणालो.

रोलर फिरला. मी पेटी ठेवली. कमी.

"अजून."

हे अजून, अजून, किती वेळ चाललं ते सांगण्यात अर्थ नाही. बाईंच्या काचेच्या कपाटातले पेले आधी किणकिणले, मग एकेक करून पुढे सरकू लागले. बाईंच्या दिवंगत यजमानांचा फोटो भिंतीवर तिरका झाला. "हयातभर कुणापुढे वाकले नाहीत," बाई गॅलरीतून मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. दातांच्या डॉक्टरांकडे सुट्टीच्या दिवशी खास विनंतीवरून एक पेशंट आला होता. तो तोंड उघडं ठेवूनच बाहेर आला आणि नेमकं काय हलतंय, दात की इमारत, अशी खूण करून विचारू लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांचं घड्याळ पडलं. त्यांनी ते खाली आणून, काही न बोलता, मला दाखवलं आणि परत वर नेलं.

"साहेब," रोलरवाला वरून म्हणाला, "आता खाली दबायला काही उरलेलं नाही."

"आकडा येत नाही तोवर उरलेलं आहे."

तोवर माल पार थंड झाला होता. पृष्ठभागावरची खडी रोलरखाली फुटून पांढरी पडायला लागली होती. कंत्राटदाराच्या तोंडावरचं काळजी नसल्याचं हसू केव्हाच गेलं होतं. तो म्हणाला, "साहेब, तुमच्या ठोकळ्यालाच जाऊन विचारा बाबा, त्याला काय हवंय ते."

आणि तेव्हा, पेटीवर वाकलेलो असताना, मला तो फोन आठवला. पडद्यांपर्यंतचा संपूर्ण फोन. त्यातलं एकेक वाक्य आणि प्रत्येक वाक्याला दिलेले ठोके. पंच्याहत्तर कसले? शंभर तरी असतील, एकेका बाजूला. मी ठोकळा मालाचा केलाच नव्हता. मी साच्यात साडूला घातलं होतं आणि त्याच्यावर हातोडा चालवला होता. तितका घट्ट रस्ता जगातला कुठलाही रोलर करू शकला नसता.

पण सगळी इमारत वरून बघत होती, आणि बायको चहाचा ट्रे घेऊन जिन्यातून खाली येत होती. मी सरळ उभा राहिलो आणि म्हणालो, "अजून एकदा."

फाटकातून त्याच वेळी साडू आत आला. पांढराशुभ्र शर्ट. रस्त्याच्या कामावर पांढरा शर्ट घालून येणारा माणूस मुळात कसा असतो ते तुम्हीच ठरवा. त्याने फुटलेली खडी पाहिली, रोलर पाहिला, माझा चेहरा पाहिला.

"तुमच्या ठोकळ्याची घनता किती आली होती, साडूभाऊ?"

मी आकडा सांगितला. त्याने मनात काहीतरी जुळवलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला स्वच्छ दिसलं की त्याला कळलं आहे. सगळं. हातोड्याचं काम त्यानेही तरुणपणी केलेलं आहे. किती ठोक्यांना किती घट्ट होतं, हे त्याला ठाऊक नसणार होय? मी डोळे मिटून वाट पाहिली. आता तो सगळ्यांसमोर बोलणार, रोलर थांबणार, आणि मग जन्मभर तेच.

"मग माझंच मशीन चुकलं असणार," साडू मोठ्याने म्हणाला. "बऱ्याच दिवसांत तपासून घेतलेलं नाही. यांचा हातोडा जुना आणि भरवशाचा आहे. हे म्हणतात तेच बरोबर."

मी डोळे उघडले. बायको ट्रे हातात धरून त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत जे होतं ते माझ्यासाठी गेल्या कित्येक वर्षांत कधी नव्हतं. बाई वरून म्हणाल्या, "किती मोठं मन!" दातांचे डॉक्टर मान डोलावत होते. तो तोंड उघडा असलेला पेशंटसुद्धा.

मी तुम्हाला खरं सांगतो, त्याने मला उघडं पाडलं असतं तर मी सहन केलं असतं. पाणउतारा मला नवीन नाही, मी सरकारी नोकरीत आहे. पण त्याने मला वाचवलं! मशीन त्याच्याकडे होतंच, आता मोठं मनही त्याच्याकडेच! म्हणजे माझ्याकडे काय राहिलं? माझ्या सगळ्या अंगाची आग झाली.

"मुळीच नाही!" मी ओरडलो. "तुमचं मशीन चुकलेलं नाही! अगदी बरोबर आहे ते! मीच ठोके जास्त घातले! मोजायला चुकलो आणि ठोकळा फेकला नाही! माझं चुकलंय, माझं!"

रोलरवाल्याने इंजिन बंद केलं.

"म्हणजे," कंत्राटदार हळूहळू म्हणाला, "हा रस्ता सकाळीच झाला होता?"

"झाला नव्हता," मी म्हणालो. आता सुटलोच होतो. "दबला होता. पण डांबर तुम्ही कमी टाकलंय. हे म्हणत होते ते खरं आहे. पंच्याहत्तर ठोके घातले असते तर मलाही दिसलं असतं. हा माल पुढच्या पावसात सुटायला लागेल. उखडा सगळं आणि नीट माल आणा."

कंत्राटदाराने तोंड उघडलं. पण वरून बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. हयातभर पोरांनी डब्यात लपवलेलं त्यांनी नुसत्या नजरेने बाहेर काढलेलं आहे. त्याने तोंड मिटलं. मग बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शाब्बास! चारचौघांत चूक कबूल करायला फार धैर्य लागतं. टाळ्या वाजवा सगळ्यांनी." आणि गॅलऱ्यांमधून खरोखर टाळ्या पडल्या. साडूही वाजवत होता. पण मी नीट पाहिलं, जरा हळूच वाजवत होता.

घरी गेल्यावर बायकोने चहाचे कप विसळायला घेतले. मग म्हणाली, "एक विचारू? तुम्ही खरं बोललात ते भावोजींना मोठेपणा मिळू नये म्हणूनच ना?"

मी ट्रे पुसायला घेतला.

"तरी बोललात," ती म्हणाली. पुढचा कप उचलला. "नवा माल आला की पुन्हा ठोकळे करायचे असतील ना? मी येते."

"कशाला?"

"मोजायला. तुमचा काही भरवसा नाही."

आणि ती खरंच आली. साहेबांची परवानगी काढून, डोळ्यांच्या बचावासाठीचा आमचा तो जाडजूड चष्मा लावून, हातोड्यासमोर स्टुलावर बसली. मी बाह्या वर केल्या. ती एक, दोन, तीन म्हणत गेली आणि मी सोडत गेलो. साठाच्या पुढे माझा श्वास फुलला तेव्हा तिचा आवाज जरा खाली आला. "रोज एवढं करता?" तिने मधेच विचारलं. "मोज," मी म्हणालो, "नाहीतर फेकून द्यावा लागेल." ती घाईघाईने पुढचा आकडा म्हणाली. पंच्याहत्तरला तिने "बास!" म्हटलं, आणि मी वर उचललेला हातोडा अलगद खाली टेकवला. मला अजून एक घालायचा होता, उगीच. घातला नाही.

त्यातल्या एका ठोकळ्याच्या वेळी तिने फोनवर व्हिडिओ काढला होता. ती फार वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "केवढी ताकद लागते हो." पुन्हा लावून पाहिला. दोनदा. मी मोजलं.

रस्ता पुन्हा झाला. नवा माल माझ्या हातोड्याखाली बसला तसाच साडूच्या मशीनमध्येही बसला. दोघांचे आकडे जुळले. बेताने हटला, बेताने ऐकला. कचऱ्याची गाडी आता रोज त्याच ओळीतून येते, आणि बाई रोज वाकून बघतात. अजून चाकोरी नाही. इमारतीत मला सगळे 'कबुलीवाले साहेब' म्हणतात, ते मी ऐकून घेतो.

पण सांगायचं ते वेगळंच. तो व्हिडिओ बायकोने ताईला पाठवला होता. ताईचा लगेच फोन आला. म्हणाली, "अगं, मी यांना दाखवला आणि म्हटलं, बघा, याला म्हणतात काम! तुम्ही नुसतं बटण दाबता आणि खुर्चीत बसता. तर काही बोललेच नाहीत. जेवले आणि आत जाऊन बसले."

थोड्या वेळाने बायकोच्या फोनवर साडूचा निरोप आला. एवढा बोलका माणूस. पण त्याने एकच शब्द लिहिला होता: छान.

बायको म्हणाली, "बघा, किती कौतुक आहे त्यांना तुमचं."

मी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला. ना तुमचं अभिनंदन, ना साडूभाऊ, ना काही. नुसतं छान. ते कौतुक नव्हतं. ते काय होतं, हे मला बरोबर कळलं; माझ्या पोटात तेच तर इतकी वर्षं दुखतंय. बाकी कशातही असो वा नसो, त्या एका विषयात शेवटचा शब्द माझा आहे.